पाणी किती पितंय?

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा इकडे अमेरिकेत दुपारचा एक वाजला होता, म्हणजे साताऱ्यातल्या माणमध्ये रात्रीचे साडेअकरा. एरवी नऊला अंथरूण धरणारा माणूस. पण आदल्या दिवशी मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "उद्या वाफेवरचा नांगर दाखवतो." म्हणून अंगणात खाट टाकून जागे होते. मी फोन आडवा धरला आणि इंजिन त्यांच्यासमोर आणलं. मागची चाकं आठ फूट उंच, म्हणजे अण्णांनी हात वर केला तरी वरची कड जेमतेम हाताला लागावी. वजन सुमारे ३४ टन. मागे लोखंडी मंचावर ओळीने चोवीस फाळ आणि धुरांड्यातून काळ्या धुराचे लोटच्या लोट. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला.

"आरं, पानी किती पितंय त्ये?"

माझ्या भोवती शेकडो माणसं उभी होती. ताकद किती, वेग किती, चाकाची रुंदी किती, बनवायला किती वर्षं लागली, सगळं विचारून झालं होतं. पाण्याचं मलाही सुचलं नव्हतं, आणि मी म्हसवडच्या अलीकडच्या गावात टँकरच्या रांगेत वाढलेला पोरगा.

जागा होती अँडोव्हर, साउथ डकोटा. शंभराच्या आतबाहेर वस्तीचं गाव. आपल्याकडच्या एखाद्या मळ्यावरच्या वस्तीत याहून जास्त माणसं भरतील. दर सप्टेंबरला तिथे मळणीचा मेळा भरतो, जेम्स व्हॅली थ्रेशिंग शो. जुनी इंजिनं, जुनी मळणीयंत्रं, जुने ट्रॅक्टर, आणि ते चालवणारी जुनी माणसं. मी राहतो नॉर्थ डकोटातल्या फार्गोला. ट्रॅक्टर आपोआप सरळ चालवणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी मी एक. उपग्रहाचा सिग्नल घेऊन आमचा ट्रॅक्टर अडीच सेंटिमीटरच्या आत तास, म्हणजे नांगरटीची ओळ, सरळ ठेवतो. चालवणारा आत बसून सँडविच खातो. हे काम करताना मला आबांची, म्हणजे आजोबांची, फार आठवण येते. त्याचं कारण पुढे येईल.

फार्गोहून दक्षिणेला निघालं की आधी सपाट, इतकं सपाट की दोन तास गाडी चालवूनही समोरचा धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचा उंच कोठा, तिथेच उभा दिसतो. हा सगळा हिमयुगातल्या एका प्रचंड तळ्याचा तळ, लेक अगासीझचा. माती काळी. पहिल्यांदा ती नांगरलेली पाहिली तेव्हा मी गाडी थांबवून खाली उतरलो होतो आणि ढेकूळ फोडून पाहिलं होतं. आमच्या ओढ्याकाठच्या रानासारखीच दिसते, पण उन्हाळ्यात आपल्या काळीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात तशा मी इथे पाहिल्या नाहीत. पुढे समिटला हायवे सोडून पश्चिमेला वळलं की वॉबे, वेबस्टर, ब्रिस्टल आणि मग अँडोव्हर. या टापूत १९९०च्या दशकापासून तळी चढत गेली आहेत. रस्त्याकडेला कुंपणाचे खांब पाण्यातून डोकं वर काढून उभे, मधेच वाळलेल्या झाडांची रांग तळ्याच्या आत. खालची शेतं बुडाली. पाणी जास्त झालं म्हणून शेत गेलं, हे दुःख मला बुद्धीला कळतं. आतून कळायला आणखी एक जन्म लागेल.

इंजिनाची गोष्ट अशी. रॅसिन, विस्कॉन्सिनच्या जे. आय. केस कंपनीने १९०५ साली दीडशे हॉर्सपॉवरचं एक महाकाय इंजिन काढलं. मुळात रस्त्यावरून अवजड माल ओढायला. एकूण नऊच बनली. ताकद होती, पण ती ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या गिअरचं ओतकाम त्या काळचं. ते टिकेना, असं सांगतात. एकेक करून सगळी भंगारात गेली. मग शंभर वर्षांनी अँडोव्हरच्या परिसरातल्या एका तरुण ओतारी कारखानदाराने कंपनीच्या दप्तरातले मूळ आराखडे मिळवले आणि चाकापासून शिट्टीपर्यंत सगळं पुन्हा घडवलं. २०१८ साली ते पहिल्यांदा लोकांसमोर चाललं. आता याला जुनं म्हणायचं की नवं? माझ्या शेजारच्या एका गृहस्थांना हा प्रश्न भयंकर छळत होता. मला नाही छळला. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड नवा येतो, कळस नवा चढतो, आणि देव कधीपासूनचा असं विचारलं तर पुजारी बिनदिक्कत "पांडवकालीन" म्हणतो.

अशा इंजिनाला क्लच घसरवत, गिअर बदलत निघावं लागत नाही. आपल्या डिझेल ट्रॅक्टरला जोर यायला आधी इंजिन फिरावं लागतं. वाफेचं इंजिन जागच्या जागी उभं असतानाच पूर्ण जोराने ढकलतं. त्यामुळे सुरुवात फार शांत होते. दोन तोकड्या शिट्ट्या, म्हणजे पुढे निघतोय. चाक जणू विचार करून हलतं. मग फाळ एकामागून एक मातीत उतरतात आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आधी नुसतं फुसफुसणारं धुरांडं भक् भक् करायला लागतं, प्रत्येक ठोका छातीत बसतो. याचं कारण मला तिथल्या एका म्हाताऱ्या फायरमनने, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणाऱ्याने, समजावलं. काम करून झालेली वाफ धुरांड्यातून वर सोडतात, ती जाताना भट्टीतली हवा ओढून नेते, आणि भट्टीत ताजी हवा शिरते. ओझं जितकं जास्त, वाफ तितकी जास्त, ओढ तितकी जोराची आणि विस्तव तितका लाल. इंजिन दमलं की स्वतःच स्वतःच्या चुलीला फुंकर घालतं. गुऱ्हाळात चुलवाणाला चिपाडं घालणारा आमचा बाबू रामोशी हे ऐकून खूष झाला असता. या भागात कोळसा महाग पडायचा तेव्हा गव्हाचं काड जाळून ही इंजिनं चालवायचे, हेही त्या फायरमननेच सांगितलं. दिवसभर भट्टीच्या तोंडात काड कोंबत राहायचं. चेहऱ्यावरच्या भुवया जायच्या म्हणे.

चोवीस फाळ, प्रत्येकाची रुंदी चौदा इंच. गुणाकार केला तर अठ्ठावीस फूट. एका फेरीत अठ्ठावीस फूट रुंदीचा पट्टा उलटा होतो. वेग माणसाच्या सावकाश चालीचा, ताशी तीनचार किलोमीटर. सोबत चालता येतं, आणि लोक चालतातही, वारीत पालखीबरोबर चालावं तसे. पोरं नांगरलेल्या तासात अनवाणी उड्या मारतात. एक बाई तान्ह्या लेकराला काखेत घेऊन अख्खी फेरी चालली.

मी चालता चालता मनात आबांचा हिशेब करत होतो. आमचं वरचं रान हरळी आणि कुंद्याने भरलं की दोन बैलांचं तिथे काम नसे. आठ बैल जुंपायचे. आठ बैल एका घरी कुणाकडे असणार? मग इर्जिक. भावकीतले, शेजारचे आपापली जोडी घेऊन यायचे, दिवसभर नांगर हाणायचे, संध्याकाळी आमच्याकडे मटणभाकरी. उद्या आमची जोडी त्यांच्या रानात. पैशाचा व्यवहार नाही. नांगर किर्लोस्करचा, लोखंडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात पहिला लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. आबांच्या वडिलांनीही म्हणे आधी तसाच हेका धरला होता. मग औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि आमच्या वाड्यावस्त्यांवर लाकडी नांगर परड्यात पडून राहिले. तर, त्या नांगराचं तास साधारण वीतभर रुंद. एक एकर नांगरायला नांगऱ्याला मातीतून वीस किलोमीटर चालावं लागतं. हे मी कागदावर मांडून पाहिलं आहे. इंजिनामागे मी चार फेऱ्या चाललो आणि बूट काढून बसलो.

आबांना बोलायचा कंटाळा, पण तासाबद्दल ते बोलायचे. तास वाकडं गेलं की पेरणीपर्यंत अख्खं गाव येताजाता बघतं. नांगऱ्याने बैलाकडे बघायचं नाही, फाळाकडे बघायचं नाही, समोरच्या बांधावरचं एक झाड धरायचं आणि त्याच्याकडे बघत चालायचं. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीतून सांगितलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच आहे, झाडाच्या जागी आकाशातला उपग्रह.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो.

वाफेच्या अशा साध्या इंजिनाला एक हॉर्सपॉवर तासभर मिळवायला ढोबळमानाने चौदाएक लिटर पाण्याची वाफ लागते. ती वाफ धुरांड्यातून आकाशात जाते, परत येत नाही. म्हणजे दीडशे हॉर्सपॉवरने सलग काम केलं तर ताशी दोन हजार लिटरच्या पुढे. मी हा आकडा फोनवर सांगितला. अण्णांनी मनात काहीतरी केलं आणि म्हणाले, "म्हंजी दहा हजाराचा टँकर पाच तासांत." टंचाईच्या दिवसांत गावाला टँकर मंजूर करताना माणशी वीस लिटर धरतात. इंजिनाने तासभर नांगरलं की शंभर माणसांचा दिवस संपला. हे मी बोललो नाही. अण्णांनी ते आधीच केलेलं असणार. टँकरच्या वाटपाची वही गावात पाच वर्षं त्यांच्याकडेच होती.

मग मी मेळ्यात एकच गोष्ट शोधत फिरलो, पाण्याची गाडी. सापडली, इंजिनापासून जरा लांब, फोटोच्या बाहेर. जुन्या काळी घोड्यांची असे, लाकडी टाकी आणि वर हातपंप. ओढ्यावर किंवा डबक्यावर जायचं, हाताने पंप मारून टाकी भरायची, इंजिन थांबण्याच्या आत शेतात परतायचं, पुन्हा निघायचं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. हे काम बहुतेक एखाद्या पोराकडे असे, आणि त्याला टोळीतले लोक 'वॉटर मंकी' म्हणत. सगळ्यात कमी पगार त्याचा, आणि तो उशिरा आला तर दीडशे घोडे जागेवर उभे. शिवाय डकोटातलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. बॉयलरमध्ये फेस धरायचं, नळ्यांवर क्षाराचा जाड थर चढायचा. आमच्या जुन्या बोअरच्या पाण्याने स्टोव्हवरच्या पातेल्यात पांढरं कवच धरायचं, तसाच. तेव्हा चांगलं पाणी कुठल्या डबक्यात आहे हे माहीत असलेलं पोरगं सोन्याच्या तोलाचं. आमच्या गावात ते ज्ञान बायकांकडे असायचं.

पाणी कमी पडलं तर इंजिन नुसतं थांबत नाही. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा सतत पाण्याखाली असावा लागतो. पाणी त्याच्या खाली उतरलं की तो लाल होतो, मऊ पडतो, आणि चौरस इंचाला दीडशे पौंडांच्या आसपास असलेला दाब त्याला खाली फाडून काढतो. २९ जुलै २००१ रोजी ओहायोतल्या मेडिना गावच्या जत्रेच्या मैदानावर केस कंपनीचंच एक जुनं इंजिन असं फुटलं. पाच माणसं गेली, कित्येक भाजली. उपाय म्हणून त्या पत्र्यात मधोमध कथील भरलेला एक बोल्ट असतो. पाणी उतरलं तर आधी कथील वितळावं आणि वाफेनेच भट्टी विझावी. मेडिनाला तोही कामी आला नाही. त्यामुळे इंजिनावर जो उभा असतो त्याचे डोळे शेतावर कमी आणि एका काचेच्या नळीवर जास्त. नळीत पाणी किती वर आहे, बस. गंमत बघा, एवढा लोखंडाचा पर्वत, त्याच्या नाकावर केस कंपनीचा गरुड, तोही साधासुधा नाही, यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या पलटणीने सोबत वागवलेला खराखुरा 'ओल्ड एब', आणि सगळ्यांचा जीव बोटभर काचेतल्या पाण्यात.

असला नांगर आपल्याकडे आला असता तर? अण्णांनी हेही विचारलं. पावसाळ्यात काळ्या रानात चाकं रुतून बसली असती आणि उन्हाळ्यात पाणी नसतं, असं मी म्हटलं. इंग्लंडात ओल्या चिकणमातीपायी त्यांनी वेगळीच युक्ती काढली होती. लीड्सच्या जॉन फाउलरने इंजिन शेतात घातलंच नाही. ते बांधावर उभं ठेवायचं आणि तारेच्या दोराने नांगर ओढून घ्यायचा. १८५८ साली त्यासाठी त्याला रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं पाचशे पौंडांचं बक्षीसही मिळालं. पण आमची रानं केवढी? तुकडे तुकडे. इंजिन वळवायलाच दोन भावकींचा बांध मोडावा लागला असता, आणि मग नांगरट राहिली बाजूला, कोर्टात तारखा.

इथे बांधच नव्हता. जी गोष्ट मला दुपारभर टोचत होती ती हीच. त्या काळी नांगराला जुंपलेल्या अशा इंजिनांचा एवढा जोर रोजच्या नांगरटीसाठी जमवलेला नव्हता. तो माळ मोडायला होता. हजारो वर्षांचं गवत, त्याची मुळं पुरुषभर खोल गेलेली, त्यांची अशी घट्ट वीण की सुरुवातीच्या लोकांनी त्याच मातीच्या विटा कापून घरं बांधली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर मिळत होते, अट एवढीच की राहायचं आणि जमीन कसायची. आमच्याकडे कुळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली; इथे कसतो म्हणेल त्याच्या नावावर. आणि आधी जे होते? समिटला मी ज्या रस्त्याने वळलो तो सिसेटन आणि वाहपेटन डकोटांच्या राखीव प्रदेशातून जातो. १८६७च्या तहाने तो त्यांना ठेवला, १८९२ साली उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली केली. अशी इंजिनं आली ती त्याच्या मागोमाग. एका पिढीत माळ संपला. मोडलेला माळ परत होत नाही, हे १९३०च्या दशकात धुळीची वादळं उठली तेव्हा सगळ्यांना दिसलं. आता या मेळ्यातही कुणीतरी शेताच्या कडेला मूळ गवताचा एक तुकडा राखलेला असावा असं वाटून मी पाहून आलो. रस्त्याच्या चारीत थोडं होतं, कमरेएवढं, तांबूस.

हे सगळं मनात असतानाही इंजिन पुन्हा समोरून आलं की मी पोरासारखा पळत जात होतो, हे कबूल करतो.

चारच्या सुमाराला त्यांनी लोकांना नांगराच्या मंचावर चढू दिलं. मंचावर तरफांची रांग असते. फेरी संपत आली की एकेकाने आपापली तरफ ओढून फाळ मातीतून वर घ्यायचा. सगळे फाळ एका रेषेत नसतात, तिरपे लावलेले असतात, म्हणून सगळ्यांनी एकदम ओढून चालत नाही. आपला फाळ शेताच्या शेवटच्या खुणेवर आला की ओढायचं, पुढच्याने त्याच्यानंतर, असं ओळीने. जमलं तर नांगरलेल्या चोवीसही तासांची टोकं एका सरळ रेषेत संपतात. माझ्या उजवीकडे ऐंशीच्या घरातला एक शेतकरी होता, डावीकडे बारातेरा वर्षांची मुलगी. तिने हे आधी कितीदा केलं असेल कोण जाणे. ती तरफेला रेलून चिप्स खात होती.

मी आबांचं ऐकलं. फाळाकडे पाहिलं नाही. समोर, शेताच्या पलीकडे एकच कॉटनवुडचं झाड होतं, ते धरलं. खालून मातीचा वास येत होता, वरून कोळशाचा आणि गरम तेलाचा, पायाखालचा मंच थरथरत होता, आणि झाड हळूहळू मोठं होत होतं. मुलीने तरफ ओढली. म्हातारा माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला. मी झाडाकडेच बघत होतो. तो पुन्हा ओरडला तेव्हा मी दोन्ही हातांनी तरफ ओढली.

खाली उतरल्यावर मागे जाऊन पाहिलं. तेवीस टोकं एका रेषेत, चोविसावं त्यांच्या पुढे गेलेलं. मुलगी हसली, म्हातारा हसला नाही. मी फोटो काढून अण्णांना पाठवला, म्हटलं झोपले असतील, सकाळी बघतील. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या.

"त्ये एक तास हातभर फुडं कुनाचं गेलंय?"

मी लिहिलं, बैल नवे होते.